कारखाने बंद आणि निर्यात जोरात: युरोपच्या असेंद्रिय रसायनांचं गणित

२०२२ साली युरोपातल्या रसायन उद्योगात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. अमोनियाचे कारखाने एकामागून एक थांबत होते. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन काढणारे प्रकल्प विजेच्या बिलाकडे बघून हात आखडता घेत होते. आणि वर्षाच्या शेवटी निर्यातीचा हिशेब झाला, तर युरोमधला आकडा आदल्या वर्षापेक्षा मोठा!

यात गौडबंगाल काही नाही. लासलगावात कांद्याची आवक निम्म्यावर आली आणि भाव तिप्पट झाला, तर बाजार समितीची त्या दिवशीची उलाढाल दीडपट दिसते. त्यावरून ‘यंदा कांदा झकास पिकला’ असं कुणी म्हटलं, तर निफाडचा शेतकरी त्याला चहासुद्धा पाजणार नाही. म्हणून ‘अमुक देशाची रसायन निर्यात वाढली’ हे वाक्य वाचलं की मी आधी एकच प्रश्न विचारतो: युरोत की टनांत? या एका प्रश्नाने निम्मा गोंधळ मिटतो. उरलेल्या निम्म्यासाठी जरा आत शिरावं लागतं.

मीठ, चुनखडी, हवा आणि वीज

‘असेंद्रिय’ हा शब्द शाळेतला. भाजीवाल्याच्या पाटीवर हल्ली जे ‘सेंद्रिय’ लिहिलेलं असतं त्याच्याशी याचा संबंध नाही. पेट्रोलियमपासून निघणारी, कार्बनच्या साखळ्यांची रसायनं ती सेंद्रिय. प्लास्टिक, रंग, बहुतेक औषधं त्यातून येतात. बाकीची असेंद्रिय. त्यांचा कच्चा माल अगदी साधा असतो: मीठ, चुनखडी, गंधक, खनिजं, हवेतला नायट्रोजन. खर्च होतो तो त्यांच्यात बदल घडवायला लागणाऱ्या उष्णतेवर आणि विजेवर. या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पोत्यात किंवा टँकरमध्ये खरं तर ऊर्जाच भरलेली असते, असं समजलं तरी चालेल.

जगभरच्या कस्टमच्या नोंदवहीत सगळ्या मालाला ठरलेले क्रमांक आहेत. त्यातलं २८ क्रमांकाचं प्रकरण म्हणजे असेंद्रिय रसायनं. २८०१ मध्ये क्लोरीन, २८०७ मध्ये गंधकाम्ल, २८१४ अमोनिया, २८१५ कॉस्टिक सोडा, २८१८ अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ज्यातून काढतात ती भुकटी), २८३६ मध्ये धुण्याचा आणि खाण्याचा सोडा. इथवर ठीक. पण २८४४ पाशी आलं की माणूस थबकतो, कारण तिथे समृद्ध युरेनियम बसलेलं आहे. धुण्याचा सोडा आणि अणुभट्टीचं इंधन एकाच प्रकरणात!

ही निव्वळ गंमत नाही, आकड्यांवर तिचा थेट परिणाम होतो. समृद्ध युरेनियमचं संयुग ज्या जाड पोलादी नळकांड्यात भरून पाठवतात, त्यात साधारण सव्वादोन टन माल मावतो आणि त्याची किंमत लाखो डॉलरांत जाते. तेवढ्याच वजनाच्या सोड्याची किंमत काहीशे युरो. नेदरलँड्समधल्या आल्मेलोला, जर्मनीतल्या ग्रोनाउला आणि फ्रान्सच्या ट्रिकास्तांला युरेनियम समृद्ध करण्याचे मोठे कारखाने आहेत. (आल्मेलोच्या सेंट्रिफ्यूज तंत्राचीच माहिती पुढे पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांच्याबरोबर पाकिस्तानात पोचली.) मे २०२४ मध्ये अमेरिकेने रशियन युरेनियमच्या आयातीवर बंदीचा कायदा केला, काही सवलती २०२८ च्या आधीपर्यंत ठेवून. तेव्हापासून पश्चिम युरोपच्या या तीन गावांचं वजन आणखी वाढलं. तेव्हा फ्रान्सच्या २८ व्या प्रकरणाची निर्यात एखाद्या वर्षी उडी मारताना दिसली, तर सोड्याचे किंवा आम्लाचे कारखाने जोरात आहेत असा निष्कर्ष काढण्याआधी २८४४ वेगळं काढून बघावं. अनेक तक्ते ते वेगळं काढत नाहीत.

सोड्याची गोष्ट, कारण ती सगळ्यात बोलकी आहे

सोडा अॅश म्हणजे आपल्या धुण्याच्या सोड्याचा पाणी काढून टाकलेला भाऊ. काच करायला तो लागतोच, साबणाच्या पावडरीत लागतो, आता बॅटरीच्या लिथियमसाठीही लागतो. तो कृत्रिमरीत्या बनवण्याची चांगली पद्धत बेल्जियमच्या एर्नेस्ट सॉल्व्हे यांनी १८६१ मध्ये शोधली. मिठाचं पाणी घ्यायचं, त्यात अमोनिया मुरवायचा, चुनखडी भाजून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्यातून सोडायचा. खाली बसतो तो खाण्याचा सोडा, तो भाजला की सोडा अॅश. अमोनिया जवळजवळ सगळा परत मिळतो. हातात उरतं ते कॅल्शियम क्लोराइडचं पाणी, ज्याचं काय करायचं हा प्रश्न दीडशे वर्षं चालू आहे. इटलीतल्या रोसिन्यानोला कारखान्याचं सांडपाणी समुद्रात जातं आणि त्यातल्या चुन्यासारख्या गाळाने किनारा पांढराशुभ्र झालाय. लोक तिथे सुट्टीला जातात, फोटो काढतात. वाळू मालदीवसारखी दिसते म्हणे.

या पद्धतीला मीठ आणि चुनखडी शेजारीशेजारी लागतात, म्हणून युरोपात सोड्याचे कारखाने नकाशावर ठिपक्यांसारखे विखुरले: फ्रान्समध्ये दोंबाल, जर्मनीत राइनबेर्ग आणि बेर्नबुर्ग, स्पेनमध्ये तोरेलावेगा, पोलंडमध्ये इनोव्रोत्स्वाव, बल्गेरियात देव्ह्न्या. देव्ह्न्याचं मला विशेष वाटतं. तिथलं मिठाचं पाणी जवळच्या प्रोव्हाडियाच्या खाणीतून येतं. त्याच प्रोव्हाडियाला साडेसात हजार वर्षांपूर्वी माणसं मातीच्या भांड्यात खारं पाणी आटवून मीठ करत होती, त्या वस्तीचे अवशेष उत्खननात सापडलेत. आज तिथलं मीठ सोडा होऊन काळ्या समुद्रावरच्या वार्ना बंदरातून जहाजात चढतं. बल्गेरिया हा काही युरोपचा श्रीमंत देश नाही, पण सोड्याच्या निर्यातीत तो बड्या देशांच्या पंक्तीला बसतो. याचं कारण म्हणजे हे मीठ आणि शेजारचं बंदर.

बंदराचा मुद्दा सोडू नका. सोड्याची किंमत टनामागे काहीशे युरो, त्यामुळे ट्रकने हजार किलोमीटर नेला तर भाड्यातच नफा जातो. जहाजाने मात्र तो जग फिरू शकतो. म्हणूनच पोलंडचा सोडा शेजारच्या जर्मनीतल्या काचकारखान्यात जायचा आणि बल्गेरियाचा खंड ओलांडायचा.

मग तुर्कस्तान आला. १९७९ मध्ये अंकाराजवळ बेपाझारी इथे कोळसा शोधताना ‘ट्रोना’चा प्रचंड साठा सापडला. ट्रोना म्हणजे निसर्गानेच बनवून ठेवलेला कच्चा सोडा. जमिनीत गरम पाणी सोडायचं, ट्रोना विरघळवून वर आणायचा, आटवून स्फटिक करायचे. चुनखडी भाजायला नको, अमोनिया नको, कॅल्शियम क्लोराइडचा कचरा नको. ऊर्जाही बरीच कमी लागते. २००९ मध्ये बेपाझारीचा कारखाना सुरू झाला, २०१७ मध्ये कझानचा त्याहून मोठा. तीन दशकं जमिनीखाली पडून राहिलेला साठा एकदम युरोपच्या दारात येऊन उभा राहिला.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. २०१९ मध्ये रुमानियातल्या गोव्होराचा सोडा कारखाना बंद पडला. तिथे वाफ पुरवणाऱ्याशी दराचा तंटा हे तात्कालिक कारण होतं, पण स्वस्त वाफेशिवाय जो कारखाना तगत नाही त्याच्या मागे तुर्की भाव उभा असतोच. जानेवारी २०२५ च्या अखेरीस इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यातला लॉस्टॉकचा कारखाना थांबला. ब्रिटनमधला तो शेवटचा सोडा अॅश कारखाना.

लॉस्टॉकशी आपला संबंध जवळचा आहे. १८७३ मध्ये जॉन ब्रनर आणि लुडविग माँड या दोघांनी सॉल्व्हेची पद्धत इंग्लंडमध्ये आणण्यासाठी कंपनी काढली. १९२६ मध्ये ज्या चार कंपन्या एकत्र येऊन इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज, म्हणजे आयसीआय, उभी राहिली त्यातली ही एक. साम्राज्य गेलं, आयसीआय मोडली, आणि २००५ मध्ये ब्रनर माँड विकत घेतली ती मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा केमिकल्सने. गुजरातेतल्या मिठापूरच्या मिठावर वाढलेल्या कंपनीने चेशायरच्या मिठाची मालकी घेतली, तेव्हा आपल्याकडे कोण कौतुक झालं होतं! वीस वर्षांनी तिथली सोड्याची भट्टी विझवण्याची वेळही याच मालकावर आली. गॅसचा भाव, कार्बनचा भाव आणि स्वस्त ट्रोना यांच्यापुढे जुन्या कारखान्याचं गणित जुळेना.

जुळी भावंडं

आता कॉस्टिक सोड्याकडे या. हा प्रकार समजला नाही तर निर्यातीचे चढउतार कधीच कळत नाहीत.

मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एका बाजूला क्लोरीन निघतो, दुसऱ्या बाजूला कॉस्टिक. एक टन क्लोरीनबरोबर साधारण १.१ टन कॉस्टिक येणारच, तुम्हाला हवा असो वा नसो. वीज लागते टनाला अडीच हजार युनिटच्या घरात. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराला दोन वर्षं पुरेल एवढी वीज एका टनात खपते.

पण ही दोन भावंडं स्वभावाने अगदी वेगळी. क्लोरीन विषारी वायू. त्याला लांब कुणी नेत नाही. आपल्या नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात तो ‘टनर’मधून, म्हणजे पोलादी नळकांड्यांतून, येतो तो थोड्या प्रमाणात. युरोपात तर तो बहुतेक जागच्या जागी, भिंतीपलीकडच्या कारखान्यात वापरला जातो, मुख्यतः पीव्हीसी पाइप आणि खिडक्यांच्या चौकटींसाठी. कॉस्टिक मात्र द्रवरूपात, टँकरमध्ये भरून, जहाजात घालून कुठेही जातो. म्हणजे क्लोरीन घरी बसतो आणि कॉस्टिक परदेशी फिरतो. निर्यातीच्या तक्त्यात दिसतो तो कॉस्टिक, पण तो किती निघेल हे ठरवतो क्लोरीन.

याचा अर्थ असा की जर्मनीत घरं बांधणं मंदावलं, की पीव्हीसी खपत नाही. पीव्हीसी खपलं नाही की क्लोरीन ठेवायचा कुठे? म्हणून प्रकल्पाचा वेग कमी करतात. मग कॉस्टिकही कमी निघतो, आणि दूर कुठेतरी कागद किंवा अॅल्युमिना बनवणाऱ्याला तो महाग पडतो. बर्लिनमधली गृहकर्जं महाग झाली की कॉस्टिकच्या निर्यातीचे टन घटतात आणि भाव चढतो. तक्ता बघणाऱ्याला वाटतं, कॉस्टिकला काय मागणी आहे! मागणी असेलही, पण टंचाई जास्त आहे.

या उद्योगात आणखी एक बदल झाला. पूर्वी युरोपात पाऱ्याचे विद्युतघट वापरून क्लोरीन काढायचे. डिसेंबर २०१७ नंतर तिथे क्लोरीनसाठी ही पद्धत बंद झाली. ज्यांनी नवे पडद्याचे घट बसवले ते टिकले, ज्यांना खर्च झेपला नाही ते गेले. त्या सुमारास कॉस्टिकचा भाव चढला होता त्यामागे हेही एक कारण होतं.

आयर्लंड इथे काय करतोय?

मी पहिल्यांदा हे आकडे चाळत होतो तेव्हा आयर्लंड बघून गोंधळलो. आयर्लंड म्हणजे औषधं, संगणक, लोणी. असेंद्रिय रसायनांत त्याचं काय काम? उत्तर शॅनन नदीच्या मुखाशी आहे, ऑगिनिश नावाच्या बेटावर. तिथे अॅल्युमिनाचा एक अवाढव्य कारखाना आहे, १९८३ पासून चालू, वर्षाला सुमारे १९ लाख टन क्षमतेचा. बॉक्साइट गिनी आणि ब्राझीलहून जहाजाने येतं, गरम कॉस्टिकमध्ये विरघळवून त्यातून पांढरी भुकटी काढतात, आणि ती भुकटी अॅल्युमिनियम वितळवणाऱ्या देशांना जाते. आयर्लंडमध्ये आज ना बॉक्साइटची खाण, ना अॅल्युमिनियमची भट्टी. मधलीच एक पायरी, पण कस्टमच्या वहीत अॅल्युमिना २८१८ खाली येतं, त्यामुळे सबंध देश असेंद्रिय रसायनांचा निर्यातदार दिसतो.

खरी गोम पुढे आहे. हा कारखाना २००७ पासून रशियाच्या रुसाल कंपनीकडे आहे. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेने रुसालवर निर्बंध घातले तेव्हा अॅल्युमिनियमचा भाव काही दिवसांत भडकला, आणि ऑगिनिश बंद पडलं तर युरोपातल्या मोटारींपासून शीतपेयांच्या डब्यांपर्यंत काय काय अडेल याची यादीच समोर आली. जानेवारी २०१९ मध्ये निर्बंध उठले. मार्च २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनमधला मिकोलाइवचा अॅल्युमिना कारखाना थांबला, ऑस्ट्रेलियाने रशियाला अॅल्युमिना देणं बंद केलं. ऑगिनिश चालूच राहिलं, आणि तिथला अॅल्युमिना रशियाला जाणंही. युरोपीय संघ एकीकडे रशियावर निर्बंधांमागून निर्बंध घालत असताना त्याच्याच एका सदस्य देशाच्या निर्यातीच्या यादीत ही ओळ आहे. मला यात ढोंगापेक्षा अडचण जास्त दिसते. हा एक कारखाना युरोपीय संघाच्या अॅल्युमिनापैकी जवळपास तिसरा हिस्सा पुरवतो; त्याला हात लावायचा तर पर्याय आधी तयार हवा, आणि तो नाही.

अमोनिया: निर्यातदाराचा आयातदार कसा होतो

हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा अमोनिया करण्याचा पहिला कारखाना जर्मनीत, ऱ्हाइनकाठच्या लुडविग्सहाफेनजवळ ओपाउला १९१३ मध्ये सुरू झाला. त्या बीएएसएफ कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये लुडविग्सहाफेनचे दोन अमोनिया प्रकल्प होते त्यातला एक कायमचा बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या गावात या रसायनाचा उद्योग जन्मला तिथेच.

कारण समजायला एक बेरीज-वजाबाकी पुरते. हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढतात. एक टन अमोनियाला साधारण १० मेगावॉट-तास ऊर्जेचा गॅस लागतो. युरोपात पूर्वी गॅस मेगावॉट-तासाला २० युरोच्या आसपास असायचा, म्हणजे टनामागे गॅसचा खर्च २०० युरो. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस नेदरलँड्सच्या बाजारात तोच भाव ३४० युरोच्या घरात गेला. आता टनामागे ३,४०० युरो, नुसते गॅसचे! त्याच सुमारास जगाच्या बाजारात तयार अमोनिया हजार-बाराशे डॉलरला मिळत होता. कोण शहाणा भट्टी पेटवेल? नॉर्वेच्या यारा कंपनीने युरोपातली आपली अमोनिया क्षमता त्या महिन्यात सुमारे ३५ टक्क्यांवर आणली आणि बाहेरून जहाजाने अमोनिया आणून खतं करायला घेतली.

यातूनच निर्यातीच्या नकाशातला मोठा बदल आला. गॅस आणण्यापेक्षा अमोनिया आणणं सोपं झालं. अल्जीरिया, त्रिनिदाद, अमेरिका इथून तो थंड टाक्यांच्या जहाजांतून येतो आणि अँटवर्पला किंवा रोटरडॅमला उतरतो. पूर्वी रशियातल्या तोल्याती शहरापासून युक्रेनच्या ओडेसापर्यंत अडीच हजार किलोमीटरच्या आसपास लांबीची अमोनियाची नळी होती, वर्षाला सुमारे २५ लाख टन माल काळ्या समुद्रापर्यंत आणणारी. युद्ध सुरू झालं त्या दिवशी, २४ फेब्रुवारी २०२२ ला, ती बंद झाली. जून २०२३ मध्ये खार्किव भागात ती फुटली.

कारखाना बंद पडला की फक्त त्याचाच माल थांबत नाही, हे ब्रिटनला २०२१ च्या सप्टेंबरमध्येच कळलं होतं. गॅस महागला म्हणून खतांच्या एका अमेरिकी कंपनीने तिथले दोन अमोनिया कारखाने थांबवले. अमोनिया करताना शुद्ध कार्बन डायऑक्साइड उपउत्पादन म्हणून निघतो, आणि ब्रिटनच्या गरजेपैकी सुमारे ६० टक्के या दोन ठिकाणांहून यायचा. चार दिवसांत बिअर, सोडावॉटर, हवाबंद मांस, कोंबड्या-डुकरं कापण्याआधी बेशुद्ध करण्याची यंत्रणा, सगळ्यांचे धाबे दणाणले. शेवटी सरकारने पैसे देऊन एक कारखाना तीन आठवड्यांसाठी चालू करून घेतला. कार्बन डायऑक्साइडही २८ व्याच प्रकरणात आहे बरं का, २८११ मध्ये.

गंधकाम्लाचं मात्र याच्या अगदी उलट. ते बरंचसं कुणी मुद्दाम बनवतच नाही. तांबं, जस्त वितळवताना धुराबरोबर गंधकाचा वायू निघतो. तो हवेत सोडायला बंदी, म्हणून पकडून आम्ल करतात. हॅम्बुर्ग किंवा बल्गेरियातल्या पिर्दोपची तांब्याची भट्टी चालू आहे तोवर आम्ल निघतच राहणार, आणि टाक्या भरल्या तर भट्टी थांबवावी लागेल. त्यामुळे गिऱ्हाईक मोरोक्कोत असो वा चिलीत, माल घालवायलाच हवा. मंदीच्या काळात वाहतूक खर्च वजा जाता विकणाऱ्याच्या हाती शून्याखाली भाव पडल्याचीही उदाहरणं आहेत. आम्लाची निर्यात वाढली तर तांब्याच्या भट्टीकडे बघा, आम्लाच्या मागणीकडे नंतर.

तक्त्यातल्या खाचाखोचा

आता समजा, तुम्ही स्वतः युरोस्टॅटचे, म्हणजे युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचे, आकडे उघडून बसलात. तिथे युरोपीय संघाच्या आतला व्यापार आणि बाहेरचा व्यापार वेगवेगळा नोंदलेला असतो. साध्या, जड रसायनांचा बराच मोठा व्यापार शेजाऱ्यांतला असतो: बेल्जियमचा जर्मनीशी, पोलंडचा चेक प्रजासत्ताकाशी. आपल्याकडे तारापूरहून वापीला टँकर गेला तर त्याला कुणी निर्यात म्हणत नाही. तिकडे तेवढ्याच अंतरात सीमा लागते आणि ती निर्यात होते.

बेल्जियम आणि नेदरलँड्स तर कायम आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात. रोटरडॅमला उतरलेलं रसायन तिथेच कस्टममधून सुटतं, डच आयात म्हणून नोंदतं, पुढे बार्जने ऱ्हाइन नदीतून जर्मनीला जातं आणि डच निर्यात म्हणून पुन्हा नोंदतं. अभ्यासक याला ‘रोटरडॅम परिणाम’ म्हणतात. पनवेलच्या ट्रान्सपोर्टनगरात थांबलेला माल पनवेलचं उत्पन्न मानण्यासारखंच हे.

ब्रेक्झिटने आणखी एक पेच टाकला. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर, काल ‘आतला’ असलेला व्यापार आज ‘बाहेरचा’ झाला. जुन्या २८ देशांच्या मालिकेला नव्या २७ देशांची मालिका जोडली, तर बाहेरच्या निर्यातीला एक खोटी उडी दिसते. माल तोच आणि गिऱ्हाईकही तेच.

आणि काही खाने सरळ रिकामे असतात. एखादं रसायन देशात एकच कंपनी बनवत असेल, तर तिचा धंदा उघडा पडू नये म्हणून आकडा गुप्त ठेवतात. असेंद्रिय रसायनांत असे एकुलते एक उत्पादक पुष्कळ. तिथे मी आयात करणाऱ्या देशाची वही उघडतो. पण दोन्ही आकडे तंतोतंत जुळतील अशी आशा नको. पाठवणारा बंदरावरची किंमत लिहितो, घेणारा त्यात जहाजभाडं आणि विमा धरतो. स्वस्त आणि जड मालात हा फरक चांगलाच जाणवतो.

काय निघून चाललंय, काय टिकतंय

सगळं बाजूला केल्यावर जो कल उरतो तो असा. स्वस्त, जड, ऊर्जाखाऊ माल हळूहळू युरोपबाहेर बनू लागलाय, आणि थोड्या वजनात जास्त किंमतीचा माल युरोप धरून आहे. जर्मनीतल्या बुर्गहाउझेनला संगणकाच्या चिपांसाठी लागणारं अतिशुद्ध सिलिकॉन बनतं. तेही २८०४ मध्येच येतं. त्याच्या अब्ज कणांत अशुद्धीचा एखादा कणही चालत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड कागदाच्या लगद्यासाठी वेगळं आणि चिपा धुण्यासाठी वेगळं. दोन्हींचा क्रमांक एक, पण भावात जमीन-अस्मानाचा फरक.

दुर्मिळ मृदांचं तर फिरून पहिल्या जागी आलंय. फ्रान्सच्या ला रोशेल बंदरात १९४८ पासून ही मूलद्रव्यं वेगळी करण्याचा कारखाना आहे आणि १९८० च्या दशकात तो जगात पुढारलेला होता. नंतर हे काम चीनकडे गेलं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि त्याच महिन्यात ला रोशेलला चुंबकांसाठीच्या दुर्मिळ मृदांची नवी मालिका सुरू झाली. प्रमाण अजून लहान आहे. पण सोड्याचे कारखाने बंद होत असताना इथे पैसे ओतायला कुणीतरी तयार आहे, हे नजरेतून सुटू नये.

ब्रुसेल्सचे, म्हणजे युरोपीय संघाचे, नियम हा कल थांबवतील का, यावर तिथे बरीच तणातणी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये युरोपातला कार्बनचा परवाना, म्हणजे कार्बन डायऑक्साइड हवेत सोडण्यासाठी कारखान्यांना लागणारी परवानगी, टनाला १०० युरोंवर गेला होता. बाहेरून येणाऱ्या मालालाही तोच भार पडावा म्हणून १ जानेवारी २०२६ पासून सीमेवरचा कार्बन आकार, ज्याला तिकडे ‘सीबॅम’ म्हणतात, खऱ्या अर्थाने लागू झाला. अमोनिया आणि नायट्रिक आम्ल त्यात आहेत. सोडा अॅश आणि कॉस्टिक नाहीत. शिवाय मूळ रचनेत हा आकार फक्त आत येणाऱ्या मालावर होता. युरोपचा माल बाहेर विकायला निघाला की त्याने भरलेला कार्बनखर्च त्याच्या गळ्यातच राहतो. म्हणजे घरच्या बाजारात थोडं संरक्षण, पण निर्यातीला काही नाही.

तुर्कस्तानचा सोडा तेवढ्यात आपल्याकडेही पोचलाच. डिसेंबर २०२४ मध्ये भारत सरकारने सोडा अॅशच्या आयातीला टनामागे २०,१०८ रुपये किमान भाव ठरवून दिला. त्याहून स्वस्त माल तेव्हा आत घेता येत नव्हता. महिन्याभराने चेशायरचा कारखाना बंद झाला. लॉस्टॉकचा मालक आणि मिठापूरचा मालक एकच, हे वर आलंच आहे.

चेशायरमध्ये सगळंच संपलं असं मात्र नाही. शेजारच्या विनिंग्टनला २०२२ मध्ये त्याच कंपनीने वीजघराच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचा प्रकल्प सुरू केला, वर्षाला ४० हजार टनांचा. त्यापासून औषधी प्रतीचा खाण्याचा सोडा बनतो, जो मूत्रपिंडाच्या डायलिसिसलाही लागतो आणि परदेशी जातो. त्यासाठी लागणारा सोडा अॅश आता ब्रिटनमध्ये बनत नाही, बाहेरून येतो. कस्टमच्या वहीत २८३६ २० खाली आयात आणि २८३६ ३० खाली निर्यात, अशा दोन ओळी एकाखाली एक पडतात, आणि निर्यातीच्या ओळीपुढे देश लिहिलेला असतो तो युनायटेड किंगडम.